कानाझावा : संशयाच्या सावलीत घडलेलं शहर



जपानमधल्या एका शहरावर बोलायचं ठरलं तेव्हा संयोजकांना वाटलं होतं, आम्ही क्योतो घेऊ. तत्त्वज्ञानाचा मास्तर, देवळं, बागा, झेन, म्हणजे क्योतोच. आम्ही म्हणालो, कानाझावा. फोनवर पलीकडे जरा शांतता पसरली. मग प्रश्न आला, "सर, तिथं काय आहे?" आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं लांबलचक उत्तर समजा.

उत्तराआधी आमचा स्वतःचा प्रश्न सांगून ठेवतो, म्हणजे तुम्हाला धागा धरता येईल. कला, विद्या, नजाकत या गोष्टी आपण सुबत्तेची आणि निर्धास्तपणाची फळं मानतो. कानाझावात सुबत्ता होती, पण निर्धास्तपणा नव्हता. एका फार श्रीमंत घराण्याला टिकून राहायचं होतं, म्हणून त्यानं शस्त्रांऐवजी कलेवर पैसा ओतला. मग भीतीपोटी जोपासलेल्या अशा संस्कृतीचं मोल काय? ती खोटी ठरते का? आणि तिचा खर्च कोणी सोसला?

जपानचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. तोक्यो, ओसाका ही शहरं पॅसिफिकच्या बाजूला. मधे उंच पर्वत. ते ओलांडले की पलीकडचा किनारा जपानी समुद्राचा. त्या किनाऱ्यावर इशिकावा नावाचा प्रांत आहे आणि त्याची राजधानी कानाझावा, वस्ती साडेचार लाखांच्या थोडी वर. हिवाळ्यात सैबेरियाकडून वारे सुटतात, समुद्रावरची ओल उचलतात आणि पर्वतांना अडून इथं बर्फ टाकतात. हा बर्फ भुसभुशीत नसतो, ओला आणि जड असतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. शहरातून दोन नद्या जातात, साइ आणि असानो. साइला लोक पुरुष नदी म्हणतात, असानोला स्त्री नदी. दोघींच्या मधल्या उंचवट्यावर किल्ला. २०१५ च्या मार्चमध्ये शिंकान्सेन इथवर पोचली आणि तोक्यो अडीच तासांवर आलं. त्याआधी हे गाव जरा आडबाजूलाच होतं.

कानाझावा या नावाचा अर्थ सोन्याची पाणथळ जागा. लोककथा अशी, की तोगोरो नावाचा एक गरीब माणूस रानातले कंद खणून पोट भरायचा. कंद झऱ्यात धुताना मातीबरोबर सोन्याचे कण निघाले. तो झरा आजही दाखवतात. पुढे हे शहर सरदारांचं म्हणून गाजलं, पण नावाच्या गोष्टीत सरदार कुठेच नाही, कंद खणणारा माणूस आहे. आणि इतिहासाची सुरुवातही तशीच आहे.

शेतकऱ्यांचा मुलूख

पंधराव्या शतकात या भागाला कागा म्हणत. इथल्या खेड्यापाड्यांत जोदो शिनशू नावाचा बौद्ध पंथ पसरला होता. त्याची शिकवण सोपी: अमिताभ बुद्धाचं नाव श्रद्धेनं घ्या, त्याच्या करुणेवर भरवसा ठेवा, पुरे. 'नामु आमिदा बुत्सु' हे ते नामस्मरण. त्यातलं 'नामु' म्हणजे आपलं 'नमः', 'आमिदा' म्हणजे अमिताभ आणि 'बुत्सु' म्हणजे बुद्ध. संस्कृत शब्द चीनमार्गे प्रवास करत जपानी शेतकऱ्याच्या तोंडी जाऊन बसले. या पंथात पांडित्य लागत नाही, कुळ लागत नाही. त्यामुळे नाम घेणाऱ्यांचे गावोगाव संघ झाले, आणि संघ झाला की माणसं फक्त नामच घेत बसत नाहीत.

१४८८ साली या संघांनी बंड केलं. शेतकरी, गावचे लहान जमीनदार, देवळांचे पुजारी सगळे एकत्र आले आणि कागाचा सुभेदार तोगाशी मासाचिका याला त्यांनी त्याच्याच किल्ल्यात कोंडलं. त्यानं आत्महत्या केली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं हा मुलूख 'शेतकऱ्यांच्या ताब्यातला देश' म्हणून ओळखला गेला. आता हे काही आजच्या अर्थानं लोकराज्य नव्हतं. देवळांची आणि जमीनदारांची सत्ता त्यात मोठी होती. तरी सामुराईंनी भरलेल्या त्या काळात सुभेदाराविना शंभर वर्षं, ही लहान गोष्ट नाही. १५४६ च्या सुमाराला त्यांनी आपलं मुख्य देऊळ दोन नद्यांमधल्या उंचवट्यावर बांधलं. त्याच्या पायथ्याशी जी वस्ती झाली, तिच्यातून कानाझावा उभं राहिलं.

१५८० मध्ये ओदा नोबुनागाच्या बाजूचा सरदार साकुमा मोरिमासा यानं ते देऊळ घेतलं. तीनच वर्षांनी, १५८३ साली, माएदा तोशिइए तिथं आला आणि देवळाच्या जागी किल्ला वाढवला. पर्यटकांना दाखवतात तो इतिहास इथून सुरू होतो. आम्ही मुद्दाम शंभर वर्षं मागून सुरुवात केली. शहर बघताना पायाखाली काय आहे ते माहीत असावं.

दहा लाख कोकूंची भीती

त्या काळी जपानमध्ये सरदाराची श्रीमंती तांदळात मोजत. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, ढोबळमानानं एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा. माएदा घराण्याच्या जहागिरीचं उत्पन्न दहा लाख कोकूंच्या वर होतं. शोगुनच्या स्वतःच्या मुलखानंतर देशात एवढी मोठी जहागीर दुसरी नव्हती. अशा माणसाला शोगुन मित्र मानेल, की संभाव्य शत्रू?

तोशिइए १५९९ मध्ये वारला. लगेच तोकुगावा इएयासूला संशय आला की त्याचा मुलगा तोशिनागा कट करतोय. युद्ध टाळायचं तर ओलीस हवं. मग तोशिइएची विधवा मात्सु, पन्नाशी ओलांडलेली बाई, १६०० साली एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला गेली. ती चौदा वर्षांनी परतली, तीही मुलगा वारल्यावर. पुढच्याच वर्षी, १६०१ साली, उलट्या दिशेनं एक पालखी आली. तिच्यात तामाहिमे होती, इएयासूची नात, दुसऱ्या शोगुनची मुलगी. वय दोन-तीन वर्षं. ती तिसरा सरदार तोशित्सुने याची बायको म्हणून आली होती. एक म्हातारी तिकडे, एक तान्ही पोर इकडे. कानाझावाच्या शांततेचा करार असा दोन बायकांच्या जिवावर झाला.

तोशित्सुनेबद्दल एक आख्यायिका आहे. तो मुद्दाम नाकातले केस वाढवून दरबारात बावळटासारखा वागायचा, म्हणजे शोगुनला वाटावं, हा काय बंड करणार! आख्यायिका खरी-खोटी सोडून द्या, पण लोकांनी ती का जपली ते कळतं. १६३१ मध्ये किल्ल्याला आग लागली. दुरुस्ती सुरू केली तर एदोत कुजबुज, किल्ला मजबूत करतायत, शस्त्रं जमवतायत. तोशित्सुने आणि त्याचा मुलगा स्वतः एदोला जाऊन खुलासे करत बसले. आपल्याच घराची भिंत बांधायची, तरी दहादा विचार करायचा.

मग एवढ्या तांदळाचं करायचं काय? तोफा घेता येत नाहीत, फौज वाढवता येत नाही. माएदांचं उत्तर असं, की खर्च अशा गोष्टींवर करा ज्यांना कोणी भिणार नाही. चहाची भांडी, लाखकाम, रेशीम, ग्रंथ, नाट्य.

शस्त्रांच्या कारखान्यातून

किल्ल्यात एक कारखाना होता. तिथं मुळात चिलखतं आणि शस्त्रं दुरुस्त होत. हळूहळू तिथंच लाखकाम करणारे, धातूवर नक्षी कोरणारे, कागद आणि चामडं घडवणारे आले. क्योतो आणि एदोहून नावाजलेले कारागीर बोलावले. माणसं तीच, हत्यारं बरीचशी तीच, हातातली वस्तू बदलली. हिला आम्ही मोठी घटना मानतो, आणि ती घडली कुठल्याही घोषणेशिवाय.

पाचवा सरदार त्सुनानोरी याच्या दीर्घ कारकिर्दीत हे काम कळसाला पोचलं. तो संग्राहक वृत्तीचा होता. देशभरातून ग्रंथ मिळवायचे, मिळाले नाहीत तर नक्कल करून घ्यायची. पुढे शोगुनच्या दरबारातले विद्वान आराई हाकुसेकी यांनी कागा म्हणजे साऱ्या देशाचं ग्रंथभांडार आहे, अशा अर्थाचे कौतुकाचे शब्द काढल्याचं सांगतात. आम्हाला जास्त आवडतो तो त्याचा दुसरा संग्रह, 'ह्याक्को हिशो'. देशभरातल्या कारागिरीचे नमुने त्यानं गोळा केले आणि वर्गवारी करून पेट्यांत लावले. लाखेचे रंग, कागदाचे प्रकार, कापडं, चामडी, खिळे झाकायच्या नक्षीदार टोप्यासुद्धा. एक सरदार खिळ्याच्या टोप्यांची वर्गवारी करतोय! आपण ज्ञान म्हटलं की पोथी डोळ्यांसमोर आणतो. इथं हातातल्या कसबालाही पोथीइतकाच मान मिळाला.

आणखी एक गंमत. किल्ल्यातल्या कारागिरांना आपल्या कामाबरोबर नोह नाट्याचं अंगही शिकावं लागे. कोणी गायन, कोणी ढोल. ही आवड हळूहळू गावात झिरपली. माळी झाडावर चढून फांद्या छाटताना आणि सुतार छपरावर बसून काम करताना नोहची पदं गुणगुणत. म्हणून म्हण पडली, की कानाझावात गाणं आभाळातून पडतं. आज स्टेशनासमोर जी भव्य लाकडी कमान आहे, तिचे खांब नोहमधल्या ढोलाच्या आकाराचे आहेत.

आता सोन्याचा वर्ख. जपानमध्ये तयार होणारा जवळजवळ सगळा, सुमारे ९९ टक्के वर्ख आज कानाझावात होतो. तोशिइएनं १५९३ साली छावणीतून पत्र पाठवून वर्ख करायला सांगितल्याचा उल्लेख आहे. पुढे शोगुनच्या सरकारनं वर्खाच्या धंद्यावर निर्बंध घातले. मग इथले लोक चोरून वर्ख ठोकत राहिले. आवाज तर होणारच, तरीही. हवा दमट, ती या कामाला मानवते.

वर्खाची जाडी किती, तर मिलिमीटरचा सुमारे दहा हजारावा भाग. लहानशा नाण्याएवढ्या सोन्यातून एका ततामी चटईएवढा वर्ख निघतो. आपल्याला वाटतं, सगळी करामत सोन्यात आणि हातोड्यात आहे. कारागिरांना विचाराल तर ते कागदाकडे बोट दाखवतील. सोनं ज्या हातकागदाच्या थरांमध्ये ठेवून ठोकतात, तो कागद राखेच्या पाण्यात भिजवायचा, त्यात पर्सिमन फळाचा तुरट रस आणि अंड्याचा बलक काढून उरलेला पांढरा भाग घालायचा, ठोकायचा, वाळवायचा, पुन्हा भिजवायचा. ही तयारी महिनोन् महिने चालते. कागद नीट नसेल तर सोनं फाटतं. ज्याला चमक नाही, त्याच्यावर चमकणाऱ्याचं सगळं अवलंबून. २०२० मध्ये जपानच्या लाकडी वास्तूंच्या जतनाची जी पारंपरिक कसबं युनेस्कोच्या यादीत आली, त्यांत या पद्धतीचा वर्खही आहे.

पाणी आणि बाग

१६३१ च्या त्या आगीनंतर प्रश्न पडला, उंचावरच्या किल्ल्याला पाणी कुठून आणायचं? इताया हेइशिरो नावाच्या माणसानं १६३२ मध्ये साइ नदीच्या वरच्या अंगापासून सुमारे ११ किलोमीटरचा कालवा काढला. वाटेत बोगदे खणले. किल्ल्याजवळ मधे खोलगट भाग होता. तिथं बंद नळातून पाणी खाली सोडलं आणि पलीकडे पुन्हा वर चढवलं. पाणी आपल्या मूळच्या पातळीपर्यंत चढतं, एवढंच तत्त्व, पंप नाही काही नाही. काम वर्षाच्या आत झालं. आग विझवायची सोय झाली आणि खंदकालाही पाणी मिळालं. संरक्षण आणि सोय यांतली रेघ कुठे ओढायची, ते एदोनं ठरवावं!

याच पाण्यावर पुढे केनरोकुएन ही बाग फुलली. सुरुवात १६७६ मध्ये त्सुनानोरीनं केली, पुढच्या पिढ्यांनी ती वाढवली. 'केनरोकुएन' म्हणजे सहा गुण एकत्र असलेली बाग. कल्पना एका जुन्या चिनी ग्रंथातली. गुण असे: विस्तार आणि एकांत, माणसाची कारागिरी आणि प्राचीनपण, वाहतं पाणी आणि दूरवरचा देखावा. जोड्या नीट बघा. विस्तार आला की एकांत जातो. कारागिरी दिसली की जुनेपण विरतं. पाणी सखल भागात असतं आणि देखावा उंचावरून दिसतो. मूळ ग्रंथात म्हटलंय की हे सहा गुण एकत्र मिळत नाहीत. आणि इथं नावच ते ठेवलं! तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही विरोधाचा निरास यावर तासन् तास बोललो असू. या बागेत विरोधाचा निरास करत नाहीत. दोन्ही टोकं जागेवर ठेवतात आणि तुम्हाला त्यांच्यामधून चालायला लावतात.

१ नोव्हेंबरला इथं युकित्सुरीचं काम सुरू होतं. मघाशी सांगितलेला तो ओला, जड बर्फ आठवा. त्याच्या भारानं पाइनच्या फांद्या मोडतात. म्हणून झाडाजवळ उंच खांब रोवतात, खांबाच्या टोकापासून दोर सोडून एकेक फांदी बांधतात. झाडावर शंकूच्या आकाराची दोरांची छत्री उभी राहते. काही वर्षांपूर्वी आम्ही गेलो तेव्हा नोव्हेंबरच होता. माणसं वर चढून दोर खाली टाकत होती, खालची माणसं ओढून बांधत होती. बर्फ अजून पडलेला नव्हता. वसंतात हे सगळं सोडायचं, पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा बांधायचं. आम्ही अर्धा तास मान वर करून उभे होतो. गाणं मात्र काही आभाळातून पडलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

खर्च कोणी सोसला?

इथवर ऐकून माएदा घराण्याबद्दल आदर वाटला असेल. वाटू द्या. पण दहा लाख कोकू हे पिकवणाऱ्याच्या पाठीवरचं ओझंही होतं. सतराव्या शतकाच्या मध्यात तोशित्सुनेनं शेतसाऱ्याची पद्धत बदलली. सामुराईंनी परस्पर शेतकऱ्यांकडून वसुली करायची नाही, सारा ठरावीक दरानं सरकारात जमा करायचा. त्यामुळे मनमानी कमी झाली, हे खरं. पण दर ठरलेला, मग पीक येवो न येवो.

असानो नदीपलीकडे हिगाशी चाया ही चहाघरांची गल्ली आहे. १८२० साली सरकारी परवानगीनं वसलेली. लाकडी जाळ्यांच्या खिडक्या, संध्याकाळी कंदील, आज सगळे फोटो तिथलेच निघतात. त्या माड्यांवर वाजवणाऱ्या, नाचणाऱ्या बायकांमधल्या कितीतरी गरीब घरांतून पैशाच्या बदल्यात आलेल्या मुली होत्या. आणि त्या गल्लीच्या मागेच उताट्सुयामा नावाची टेकडी आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात तांदूळ महागला, तेव्हा रात्री सुमारे दोन हजार माणसं या टेकडीवर चढली. तिथून किल्ला समोर दिसतो. किल्ल्याच्या दिशेनं तोंड करून त्यांनी टाहो फोडला की आम्ही उपाशी आहोत, तांदूळ द्या. शस्त्र नाही, जाळपोळ नाही, फक्त आवाज. किल्ल्यात तो ऐकू गेला. कोठारातला तांदूळ बाहेर निघाला. आणि पुढारी म्हणून धरलेल्या सात जणांचा जीव गेला, काहींना मृत्युदंड झाला, काही कोठडीत वारले. चहाघरांजवळच्या एका देवळाच्या दारात आज सात जिझो उभे आहेत, जिझो म्हणजे आपला क्षितिगर्भ बोधिसत्त्व. त्यांच्या हातात भाताच्या लोंब्या आहेत.

कानाझावात आभाळातून गाणं पडायचं, तसा टेकडीवरून हा आक्रोशही एकदा पडला. शहराचं वर्णन करताना दोन्ही आवाज धरले पाहिजेत.

दोन मित्र

१८६८ नंतर सामुराईंची व्यवस्था मोडली. पगार गेले, आश्रयदाते गेले, कारागीर उघडे पडले, वस्ती घटली. किल्ल्यात नव्या शाही सेनेची छावणी आली. लष्कराच्या ताब्यात असतानाच १८८१ मध्ये आग लागून किल्ल्यातला वाडा जळाला. बाग १८७४ मध्ये सर्वांना खुली झाली.

या पडत्या काळात, १८७० साली, दोन मुलं जन्मली. एक कानाझावातच, माएदांच्या मोठ्या मानकऱ्यांकडे असलेल्या वैद्याच्या घरी. तो पुढे दाइसेत्सु सुझुकी झाला. दुसरा जवळच्या खेड्यात, निशिदा कितारो. दोघे एका शाळेत, इथल्या 'चौथ्या उच्च विद्यालयात' भेटले. तिची लाल विटांची इमारत अजून उभी आहे. सुझुकीचे वडील तो सहा वर्षांचा असताना गेले. पुढे पैशाअभावी शिक्षण सुटलं. तो नोतो द्वीपकल्पातल्या एका खेड्यात इंग्रजीचा मास्तर झाला.

इथं एक दुवा आपल्याकडचा आहे. १८९३ मध्ये शिकागोला सर्वधर्म परिषद भरली. विवेकानंद आपल्याला माहीत असतात. ब्राह्मो समाजातर्फे मुंबईचे बी. बी. नगरकरही तिथं बोलले होते. त्याच परिषदेत जपानहून शाकु सोएन नावाचे झेन गुरू आले होते. त्यांचं भाषण इंग्रजीत आणलं त्यांच्या तरुण शिष्यानं, म्हणजे सुझुकीनं. त्या ओळखीतून तो १८९७ मध्ये अमेरिकेला गेला, अकरा वर्षं राहिला आणि पुढे पाश्चात्त्य जगाला झेन समजावून सांगणारा माणूस ठरला. आमची पीएचडी चालू असताना महायानावरचं वाचन करायचं होतं, तेव्हा आमच्या हाती पडला तो सुझुकींनी संस्कृतातून इंग्रजीत आणलेला लंकावतारसूत्राचा अनुवाद. म्हणजे भारतीय ग्रंथ आम्हाला कानाझावाच्या माणसाकडून घ्यावा लागला.

निशिदा त्याच विद्यालयात १८९९ ते १९०९ शिकवत होता. तिथल्या व्याख्यानांतून १९११ चं 'झेन नो केन्क्यू' हे पुस्तक झालं. या नावातला 'झेन' म्हणजे झेन पंथ नव्हे, 'चांगलं' या अर्थाचा तो वेगळा शब्द आहे. चांगल्याचा शोध. त्यातली मध्यवर्ती कल्पना शुद्ध अनुभवाची. आधी 'मी' असतो आणि मग त्याला अनुभव येतो असं नाही, आधी अनुभव असतो, 'मी' त्यातून नंतर वेगळा काढला जातो. या वर्षांत निशिदाचा भाऊ पोर्ट आर्थरच्या लढाईत मेला आणि १९०७ मध्ये लहान मुलगी गेली. तत्त्वज्ञान आश्चर्यातून सुरू होतं, असं ग्रीकांपासून आपण शिकवत आलो. निशिदा म्हणे, ते जीवनातल्या खोल दुःखातून सुरू होतं.

आज सुझुकींच्या नावाचं संग्रहालय त्यांच्या जन्मस्थळाजवळ आहे, २०११ मध्ये उघडलेलं, तानिगुची योशिओ यांनी रचलेलं. आत वस्तू मोजक्या आणि वर्णनाचे फलक जवळजवळ नाहीतच. आम्ही सवयीनं फलक शोधत फिरलो. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला फलकाविना बघता येत नाही, हा शोध आम्हाला तिथं लागला. बाहेर उथळ पाण्याचं मोठं तळं आहे, स्तब्ध. काही मिनिटांनी त्यात एक तरंग उठतो, पसरतो, मिटतो. तेवढंच.

नोदायामा

व्याख्यान इथं संपवलं असतं तर गोड झालं असतं. पण मघाचा प्रश्न शिल्लक आहे: तलवारीऐवजी कला निवडणारं हे शहर चांगलं झालं का?

कानाझावा हे नवव्या डिव्हिजनचं ठाणं होतं. हीच डिव्हिजन १९३७ मध्ये नानकिंगवर चालून गेलेल्या सैन्यात होती. नानकिंगमध्ये काय झालं ते तुम्ही जाणता. नोहची पदं, चहाचे पेले, शुद्ध अनुभव, यांतलं काहीही त्या सैनिकांच्या आड आलं नाही. सुझुकींनी झेन आणि तलवारीच्या नात्यावर लिहिलं आणि निशिदांच्या युद्धकाळातल्या भूमिकेवरून अजून वाद चालतो. आम्ही दोघांचे वाचक, पण हे झाकून ठेवणं बरं नव्हे.

त्याआधी १९३२ मध्ये शांघायला युन बोंग-गिल या कोरियन तरुणानं जपानी सेनाधिकाऱ्यांवर बॉम्ब टाकला. जखमींमध्ये नवव्या डिव्हिजनचा सेनापती होता. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. युनला कानाझावाला आणून १९ डिसेंबरला गोळ्या घातल्या. वय २४. देह नोदायामा टेकडीवरच्या दफनभूमीत, लोकांच्या पायवाटेखाली गुपचूप पुरला. १९४६ मध्ये इथल्या कोरियन लोकांनी तो शोधून मायदेशी पाठवला. आज तिथं खूण उभी आहे. त्याच टेकडीवर माएदा तोशिइए आणि मात्सु यांच्या समाध्या आहेत. तिथंच सुझुकींचीही समाधी आहे.

१९४५ मध्ये शेजारचं तोयामा एका रात्रीत जवळजवळ पूर्ण जळालं. कानाझावावर बॉम्ब पडले नाहीत. आज आपण जुनं शहर बघतो ते या कारणानं, पुण्याईनं नव्हे.

मग संस्कृतीचं मोल काय? आमचं मत सांगतो, पटलं तर घ्या. भीतीपोटी सुरू झाली म्हणून ती खोटी ठरत नाही. शस्त्राच्या कारखान्यात लाखेचा पेला झाला, हे खरंच चांगलं झालं. पण ती माणसाला आपोआप चांगलं करत नाही. ती जपण्याची सवय लावते. काय जपायचं, कोणाला जपायचं, हे दरवेळी नव्यानं ठरवावं लागतं. सुझुकींनी १९४४ च्या 'जपानी अध्यात्म' या पुस्तकात म्हटलं, की अध्यात्माचे पाय मातीला लागले पाहिजेत. तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर नाम घेणारी साधी माणसं होती, म्हणजे याच भागातल्या १४८८ च्या त्या शेतकऱ्यांसारखी.

१ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. वाजिमा या लाखकामाच्या गावातला जुना सकाळचा बाजार जळाला, दोनशेहून अधिक इमारती गेल्या. सप्टेंबरात तिथंच पूर आला. कानाझावातही किल्ल्याच्या दगडी भिंती ढासळल्या, पण शहर उभं राहिलं. नोतोची विस्थापित माणसं इथं आसऱ्याला आली, वाजिमाचे कारागीरही. तरुण सुझुकी मास्तर म्हणून जिथं होता, तो सुझू भागही फार हादरला. राजधानीनं शतकानुशतकं नोतोचा तांदूळ आणि नोतोचं कसब घेतलं. आता परत किती देते, यावर कानाझावाचं मोल ठरेल, असं आम्हाला वाटतं.

कधी गेलात तर केनरोकुएन बघाच. पण एक सकाळ त्या सात जिझोंसाठी ठेवा आणि एक नोदायामासाठी. दोन्हीकडे तिकीट नाही, गर्दीही नसते.

 प्रश्न असतील तर घेऊ या.